गुळगुळीतपणाची नीती

मोटारीचे बॉनेट उघडल्यावर इंजिनाभोवतीचा जो पत्रा दिसतो, त्यास नवा रंग देण्यापूर्वी किती घासावे, त्याची कोणती भोके बुजवावी आणि कोणते व्रण लपवावे, हा प्रश्न नीतिविचाराच्या कक्षेत येतो असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. तो रंगाऱ्याचा प्रश्न आहे, रंगाऱ्याने तो सोडवावा आणि गाडीच्या मालकाने बिल चुकते करावे, असेच आमचे बहुतेक मित्र म्हणतील. परंतु ज्या जागेकडे वर्षातून दोन-चार वेळांहून अधिक कोणी पाहत नाही तिच्यावर एखादा माणूस आठ-आठ दिवस हात झिजवतो, तेव्हा तो नक्की कोणासाठी झिजवतो? आणि इतके करून जो आरशासारखा पृष्ठभाग तयार होतो, तो पाहणाऱ्यास काही सांगतो की त्याच्यापासून काही राखून ठेवतो? हे दोन प्रश्न एकदा मनात आले म्हणजे सहजासहजी जात नाहीत.

त्यांचा विचार भोर आणि वेल्हे या मुलखाच्या संदर्भात करणे सोयीचे आहे, कारण तेथे पत्र्याची परीक्षा पाऊसच घेतो. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली, पण लोकांच्या जिभेवर रुळलेले नाव असे एका ठरावाने उतरत नाही, म्हणून आम्हीही येथे जुनेच वापरतो.) चेलाडी फाट्यावरून नसरापूर, मार्गासनी करीत वेल्ह्याकडे जाणारा रस्ता किंवा भोरहून वरंध घाटाकडे चढणारा रस्ता आषाढात ज्याने पाहिला असेल, त्यास वडाप करणाऱ्या जीपगाडीचे आयुष्य कसे जाते हे निराळे सांगावयास नको. चाकांनी उडवलेला तांबडा चिखल इंजिनाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन बसतो. पुढच्या काचेखाली जी पन्हाळी असते तीत झाडांचा पाला कुजतो आणि पाणी वाहून जाण्याची वाट तुंबते. बॅटरीतून पाझरणारे आम्ल तिच्याखालचा पत्रा खाते. अशी चार-सहा वर्षे गेली, की बाहेरून रंग अजून बरा दिसत असतानाच आतला पत्रा बोटाने दाबला तर कुरकुरू लागतो.

मग गाडी गॅरेजात येते. काम मन लावून करायचे असेल तर प्रथम इंजिनच बाहेर काढावे लागते, तारांच्या जुड्या सोडवून त्यांना चिठ्ठ्या बांधाव्या लागतात, आणि वर्षानुवर्षांचे तेल व काजळी धुऊन काढावी लागते. त्यानंतर जुना रंग खरवडून पत्रा उघडा करायचा. गंजाने खाल्लेला भाग कापून टाकायचा, त्याच्या मापाचा नवा तुकडा वेल्डिंगने बसवायचा, वेल्डिंगची उंचवटलेली रेघ ग्राइंडरने उतरवायची, आणि यानंतर जो बारीक खळगा उरेल तेवढ्यापुरतीच लांबी भरायची. लांबी म्हणजे दोन द्रव्ये कालवून केलेला तो राखी लेप. तो काही मिनिटांत घट्ट होतो, म्हणून कारागीर तो थोडा थोडाच कालवतो. पुढे घासकाम. ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेऐंशी, मग तीनशेवीस. जसा आकडा चढतो तसा कागद मऊ होत जातो आणि माणसाची चिकाटी कसास लागते. मग अस्तराचा हात, पुन्हा घासणे, पुन्हा अस्तर. पावसाळी हवेत उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस छटा चढलेली असते, त्यामुळे ह्या कामास मध्येच उसंत घेऊन चालत नाही. शिवाय साफ केलेल्या पत्र्यास उघड्या हाताचा घामट किंवा तेलकट स्पर्श झाला तर रंग त्या जागी धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी वर्तुळे उमटतात.

या सर्व विधीत एक क्रिया आम्हांस विशेष विचार करण्याजोगी वाटते. अस्तर वाळल्यावर कुशल कारागीर त्यावर काळ्या रंगाचा अतिशय विरळ फवारा मारतो. हा रंग टिकण्यासाठी नसतोच. लाकडी ठोकळ्यावर कागद गुंडाळून तो पृष्ठभाग हलक्या हाताने घासू लागतो, तेव्हा जेथे उंचवटा असेल तेथला काळा रंग आधी निघून जातो आणि जेथे खळगा असेल तेथे तो राहतो. डोळ्यास जे दिसत नव्हते आणि तळहातासही नीट कळत नव्हते, ते त्या काळ्या ठिपक्यांनी उघडे पडते. आपल्याच कामातले दोष आपणच शोधून काढावे, आणि तेही ते दुसऱ्या कोणास दिसण्याचा संभव नसताना, यासाठी योजलेली ही युक्ती आहे. पुष्कळ ठिकाणी ती वेळेअभावी गाळली जाते, हेही सांगितले पाहिजे.

आमच्या घरांतून आता नाहीशी होत चाललेली कल्हई ज्यांनी पाहिली आहे, त्यांस या तयारीचे मर्म लगेच कळेल. कल्हईवाला भांडे तापवून नवसागराची पूड टाकी आणि कापसाच्या बोळ्याने ते आतून पुसून काढी. मग कथलाचा तुकडा टेकवताच ती रुपेरी लाट क्षणात भांडेभर पसरे. पाहणाऱ्या मुलांस ती लाट म्हणजेच कल्हई वाटे. परंतु नवसागराने तांब्यावरचा मळ नीट उतरवला नसेल तर कथील धरतच नाही, ठिकठिकाणी काळे डाग उरतात. आणि दुसरी गोष्ट अशी, की कल्हई भांड्याच्या आत असते. बाहेरून चिंचेने घासून लखलखीत केलेले पातेले आतून उघडे पडलेले असले, तर त्यात ठेवलेले ताक कळकते. त्याचा परिणाम पातेल्याच्या शोभेवर होत नाही, जेवणाऱ्याच्या पोटावर होतो.

येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. अदृश्य जागी केलेले काम कोणासाठी, याचे उत्तर पुष्कळ लोक ‘स्वतःच्या समाधानासाठी’ असे देतात आणि त्यास गीतेतील निष्काम कर्माचा आधार जोडतात. ही योजना आम्हांस पटत नाही. फळाची आशा कर्त्याने सोडावी हे ठीक. पण फळ कोणाच्या तरी पदरात पडतेच, आणि या प्रकरणात ते दुसऱ्याच माणसाच्या पदरात पडते. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात अंगठी घालून अदृश्य होणाऱ्या गायजीस नावाच्या मेंढपाळाची कथा सांगितली आहे, आपणास कोणी पाहत नाही हे ठाऊक असता माणूस न्यायाने वागेल काय, असा तिचा रोख आहे. गॅरेजातल्या कारागिरास अशा अंगठीची गरजच नाही. तो स्वतः सर्वांसमक्ष वावरतो, फक्त त्याचे काम अदृश्य होते, आणि तेही त्याने स्वतःच्या हातांनी त्यावर रंग चढवल्यामुळे. न्यायाची कसोटी त्यास रोज दुपारी द्यावी लागते, आणि तीही अशी की निकाल लागेपर्यंत गाडी दुसऱ्या गावी, दुसऱ्या मालकाकडे गेलेली असते.

निकाल कसा लागतो हेही पाहावे. कित्येक गाड्यांत ब्रेकचा मुख्य सिलिंडर इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या आडव्या पत्र्यासच बोल्टांनी जखडलेला असतो. तो पत्रा भोवताली गंजून पातळ झाला असेल आणि कापून नवा तुकडा घालण्याऐवजी त्यावर बोटभर लांबी थापली असेल, तर घासून रंग दिल्यावर तो नव्याहून नवा दिसेल. लांबीस भार पेलण्याची शक्ती नाही. दोन-तीन मिलिमीटरांहून जाड थर जाणते कारागीर देत नाहीत. त्यातच ती ओल शोषून घेते, म्हणजे तिच्या पोटात राहिलेला गंज आता झाकणाखाली निर्धास्तपणे वाढतो. अशा गाडीत दहा माणसे, दोन पोती तांदूळ आणि दूध-भाजीच्या पाट्या बसवून घाट उतरताना चालकाने ब्रेकवर सगळा भार टाकला, की पत्राच लवतो आणि चाकांपर्यंत पोहोचायचा जोर वाटेत जिरतो. अशा वेळी तो रंग कसा चकचकीत होता हे कोणी विचारणार नाही.

तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते पाहिले आणि नामदेवांस कच्चे ठरवले, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. जुन्या गाड्यांचे पारखी आजही हेच करतात. बोटाच्या पेराने पत्रा ठोकत जातात. चांगला पत्रा खणखणतो, लांबीचा थर बद्द वाजतो. कोणी खिशात लोहचुंबक बाळगतात, कारण जाड लांबीवर तो चिकटत नाही. पण गिऱ्हाइकास चुंबक घेऊन हिंडावे लागते, हाच धंद्याच्या नीतीवर पुरेसा अभिप्राय आहे असे आम्ही समजतो.

एवढ्यावरून लांबी म्हणजे लबाडी असा सिद्धांत कोणी काढील तर तो चुकेल. तीच लांबी, तोच पॉलिशपेपर, तोच मनुष्य. एके ठिकाणी ते सत्य आहे आणि दुसऱ्या ठिकाणी असत्य. वेल्डिंगने घट्ट केलेल्या जोडावरचा खळगा भरणारा लेप कोणास फसवीत नाही, कारण खाली जे आहे असे वाटते ते खरोखरीच आहे. भेद वस्तूत नाही, वस्तूखाली काय ठेवले यात आहे.

मात्र दुसरा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तो प्रामाणिक माणसाच्याच वाट्यास येतो. अलीकडे हौशी लोकांत इंजिनाची जागा अगदी निर्लेप, सपाट करण्याची आवड वाढली आहे. कारखान्याने पाडलेली भोके बुजवायची, पत्र्यांच्या जोडरेघा घासून नाहीशा करायच्या, तारा आणि नळ्या आडोशाने न्यायच्या, म्हणजे बॉनेट उघडताच एखाद्या संगमरवरी कोनाड्यात मूर्ती ठेवावी तसे इंजिन एकटेच दिसावे. यात लबाडी मुळीच नाही. मालक स्वतःच्या पैशाने स्वतःची गाडी नटवीत असतो. पण ती भोके तेथे का होती, हे बुजवण्यापूर्वी किती जण विचारतात? काही पाणी जाण्यासाठी असतात. ती बुजली की भोर-वेल्ह्याच्या एका पावसाळ्यात त्या सुंदर कोनाड्याचे टाके होते. काही भोके तर रंगासाठीच ठेवलेली असतात: आजच्या कारखान्यांत गाडीचा सबंध सांगाडा अस्तराच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर थर चढवतात, आणि तो द्रव पोकळ भागांच्या आत शिरावा व बाहेर निथळावा म्हणून त्या वाटा पाडलेल्या असतात. म्हणजे जे भोक आज डोळ्यास खुपते, त्याच वाटेने एकदा न दिसणाऱ्या पत्र्यास संरक्षण मिळालेले असते. राजगडाच्या तटास जंग्या आहेत; तट एकसारखा दिसावा म्हणून त्या कोणी चिणून टाकल्या असत्या, तर शत्रूने त्याच्या सौंदर्यदृष्टीची तारीफच केली असती. जोडरेघांचेही तसेच. दोन पत्रे जेथे एकावर एक येतात तेथे ओल शिरू नये म्हणून रबरासारखा लेप भरणे हा उपाय आहे. परंतु ती रेघच नाहीशी करण्याच्या नादात मूळचे जोड ग्राइंडरने पातळ करणे, हे शोभेसाठी हाडे कोरण्यासारखे आहे.

आणि मग तो नंबर. कित्येक मोटारींत सांगाड्याचा क्रमांक याच जागेतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. विक्रीच्या वेळी त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून त्याचा ठसा घेतात आणि नोंदणीपत्राशी ताडून पाहतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळू नये असा बदल गाडीत करण्यास मालकास मनाई आहे. त्या खोदीव अक्षरांवर लांबीचा एक हात फिरला, की गाडी सुंदर होते आणि निनावी होते. असे पुष्कळदा केवळ निष्काळजीपणाने होते. पण चोरीची गाडी ज्यास विकायची असते तोही नेमके हेच करतो, आणि पोलिसास दोघांच्या हेतूंतला फरक पत्र्यावरून वाचता येत नाही.

या ठिकाणी दुसऱ्या एका क्षेत्रातला नियम आम्हांस मार्गदर्शक वाटतो. प्राचीन वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे एक सनद तयार झाली. तिच्या बाराव्या कलमात असे म्हटले आहे, की हरवलेल्या भागाच्या जागी जे नवे घालायचे ते सबंध वास्तूशी मेळ राखणारे असावे, पण मुळापासून ओळखता येण्याजोगे वेगळेही असावे, म्हणजे जीर्णोद्धाराने इतिहासाचा पुरावा खोटा पडणार नाही. राजगडाची गणना २०२५ पासून जागतिक वारशात झाली आहे, तेव्हा तेथे दगड बसवणाऱ्यास हा विचार टाळता येणार नाही. मोटारीच्या कारागिरास नेमके उलटे शिकवलेले असते: दुरुस्ती झाली हेच कोणास कळू नये, यात त्याची फुशारकी. आम्ही असे म्हणणार नाही की वडापच्या जीपला किल्ल्याचा मान द्यावा आणि प्रत्येक ठिगळ वेगळ्या रंगाने दाखवावे. परंतु दुरून मेळ असावा आणि जवळून पाहणाऱ्यास खरे कळावे, एवढे पथ्य मोटारीसही लागू पडते. काही थोडे लोक ते पाळतात. उघडा पत्रा, कापलेला भाग, बसवलेला तुकडा आणि अस्तर अशा प्रत्येक पायरीचे छायाचित्र काढून ठेवतात आणि गाडी विकताना नव्या मालकाच्या हाती देतात. बॉनेटखालचा रंग मग कितीही गुळगुळीत असला तरी त्याखाली काय आहे हे कोणापासून दडलेले राहत नाही.

कोणी असा आक्षेप घेईल, की हे सर्व सावकारी गप्पांसारखे आहे. ज्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचा हप्ता बुडतो, त्याने इंजिन उतरवून आठ दिवस घासकाम करून घ्यावे काय? हा आक्षेप वजनदार आहे आणि तो आम्ही मान्य करतो. त्या चालकास आरसा नको आहे. गंज कापा, तुकडा घाला, अस्तर मारा, पाण्याच्या वाटा मोकळ्या करा, आणि वरचा रंग ब्रशाने फासला तरी चालेल, असे जर त्याने सांगितले तर त्याच्या गाडीची आतली जागा खडबडीत पण खरी राहील. आमच्या मते ही जागा त्या हौशी कोनाड्याहून कमी प्रतिष्ठेची नाही. गरिबी तयारीच्या कोणत्या पायऱ्या गाळते यावर सारे अवलंबून आहे. शेवटच्या गाळल्या तर नुकसान डोळ्यांचे, पहिल्या गाळल्या तर माणसांचे. दुर्दैवाने पैसा कमी पडला म्हणजे बहुधा पहिल्याच गळतात, कारण शेवटच्या दिसतात.

ही घाई काय करू शकते याचे मोठे उदाहरण वेल्हे तालुक्यातच आहे. पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले, त्या पाण्याने पुढे खडकवासल्याचे धरणही मोडले आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. वरून पाहता बांध उभा होता आणि पावसाळा आला म्हणून त्यात पाणीही साठले. परंतु पाणी सोडण्याच्या मार्गाचे पोटातले काम पुरे झालेले नव्हते, आणि त्यावरचा भराव खचत गेला. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून तो सावरण्याची शर्थ केली. जे आत व्हावयास हवे होते, त्याची भरपाई ऐन वेळी बाहेरून करता येत नाही. कोठे एक धरण आणि कोठे जीपचा पत्रा, असे वाचक म्हणतील. प्रमाणाचा फरक अफाट आहेच. पण दोन्हीकडे कोणी तरी असा हिशेब केलेला असतो, की आतले काम पुढेमागे करू, तूर्त बाहेरचे पुरे दिसू द्या.

आता राहिला प्रश्न जबाबदारीचा. गॅरेजात प्रत्यक्ष पॉलिशपेपर ज्याच्या हातात असतो, तो पुष्कळदा एखाद्या वाडीतून आलेला अठरा-वीस वर्षांचा मुलगा असतो. नाकाला बांधलेल्या फडक्यातून लांबीची पांढरी धूळ त्याच्या छातीत जात असते. गंज कापू की थापून टाकू, हे तो उस्तादास विचारतो. उस्ताद मालकाच्या घाईकडे पाहतो. मालक म्हणतो, शनिवारी लग्नाचे भाडे आहे. तिघांपैकी निर्णय कोणीच घेत नाही आणि लांबी मात्र कालवली जाते. सगळा दोष त्या मुलावर टाकून मोकळे होणे आम्हांस न्याय्य वाटत नाही, कारण तिघांत सर्वांत कमी स्वातंत्र्य त्याला आहे. मालकाने गाडी सोडताना रंग कोणता आणि दिवस किती, एवढे दोनच प्रश्न विचारण्याचा प्रघात आहे. रंग देण्यापूर्वी एकदा मला बोलवा, मी उघडा पत्रा पाहून जाईन, असा तिसरा निरोप त्याने ठेवला, तर त्यास फार तर अर्ध्या दिवसाची खोटी होईल. बस तासाभराने असते, आणि गॅरेजाबाहेर चहा मिळतो.